ट्रेमधली पहिली चकती

३ मार्च

भिंगरी,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईचा मात्र उचलतेस. फोन वाजला की ती मागच्या खोलीत जाते, दार लोटून घेते, आणि बाहेर आल्यावर विचारलं तर म्हणते, 'बरी आहे.' बस, संपलं. बत्तीस वर्षं माझ्यापुढे अखंड बोलणारी बाई दोन शब्दांवर आलीय, यावरून तू तिला काय शपथा घातल्या असशील ते कळतं.

तुझ्या खोलीतल्या नळाला पाणी बारीक येतं, एवढं मात्र तिनं सांगितलं. नळाच्या तोंडाशी जाळी असते, ती फिरवून काढ आणि धू. घरमालकाच्या नादी लागू नकोस.

मुद्द्यावर येतो. चौकशी समितीला तू लेखी उत्तर दिलंस, ते कारखान्याच्या मालकांनी मला दाखवलं. 'सेटिंग मी बदललं, जबाबदारी माझी.' एका ओळीचं. हे काय उत्तर झालं? समितीपुढे तक्रार काय आहे, तर लेझरचं सेटिंग तू बदललंस, म्हणून पाऊल पायाला जोडणाऱ्या धातूच्या चकतीवरचे खड्डे उथळ पडले, म्हणून ग्लूनं पकड घेतली नाही, म्हणून शाळेतल्या त्या बाईंचं कृत्रिम पाऊल जिना उतरताना चकतीपासून सुटलं आणि त्या पडल्या. आणि तू म्हणतेस, हो. एकोणीस तारखेला निकाल आहे. हे असंच राहिलं तर तुझा सहीचा परवाना जाईल, आणि कुठल्याही कारखान्यात कुणाच्याही पायावर 'तपासलं, ठीक आहे' म्हणून सही करायला तुला पुन्हा मिळणार नाही. सहा वर्षं डोळे फोडून शिकलीस ते त्या सहीसाठीच ना?

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहितोय. मला गोष्ट क्रमानं मांडल्याशिवाय सुचत नाही.

माझं ऐकशील तर ग्लूच्या डब्याचं लिही. तो डबा जुलैपासून उघडा होता आणि त्याचं झाकण नीट बसत नव्हतं. मीच दोनदा बोललो होतो. एवढं लिहिलंस तरी समितीला विचार करावा लागेल.

आणि त्या दिवशी मालकांच्या केबिनमध्ये मी जे बोललो ते इतकं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांनी एकदम विचारलं, तुम्ही शेजारच्या टेबलावर असता, तुम्हाला काय वाटतं? मी म्हटलं, 'यंत्रातलं मला काय कळतं.' त्यात खोटं काय आहे? मी हातानं काम करणारा माणूस. पण तू माझ्याकडे पाहिलंस, पिशवी उचललीस आणि गेलीस. चार महिने होतील आता.

जाळी धू.

अप्पा

८ मार्च

भिंगरी,

उत्तर येणार नाही हे धरूनच चाललोय. तरी टपालवाला दिसला की उगीच फाटकापाशी जाऊन उभा राहतो. आई हसते.

काल मी त्या बाईंकडे जाऊन आलो. कशाला गेलो विचारू नकोस, पाय वळले. दोन खोल्यांचं घर आहे. उजवा हात अजून प्लास्टरमध्ये, हाड पहिल्यांदा नीट जुळलं नाही. शाळेत त्या डाव्या हातानं फळ्यावर गणितं लिहितात आणि पोरं म्हणतात, बाई, तुमचा सात चार दिसतो. हे सांगताना त्या स्वतःच हसल्या. नवं पाऊल कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेलं होतं. कारखान्यानं बदलून दिलेलं, कोरं करकरीत. त्या मात्र कुबड्यांवर चालतात.

त्यांचं दार बिजागरीत कुरकुरत होतं, म्हणून स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि दार उतरवून बिजागरी घासून तेल घालून परत बसवलं. अर्धा तास गेला. मग खिडकीची कडी. मग मोरीचा नळ. शेवटी त्या म्हणाल्या, 'तुम्ही बसा आता. घरात मोडकं काही शिल्लक राहिलेलं नाही.'

बसलो. तर म्हणाल्या की तुमच्या मुलीचा मला फोन आला होता, माफी मागायला. आणि पुढे जे म्हणाल्या ते तसंच लिहितो.

'मी तिला म्हटलं, माफी नको, कारण सांग. सेटिंग सेटिंग म्हणतात, पण तेच कारण आहे का, असं विचारलं तर ती गप्प झाली. मला खरं कारण कळल्याशिवाय कुठल्याच पावलावर भार टाकवत नाही.'

मी म्हटलं, समिती सांगेल. चहा अर्धा ठेवून उठलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की त्यांचा स्क्रू ड्रायव्हर माझ्याच खिशात आहे, पण परत जाऊन तो देण्याचीही हिंमत झाली नाही. अशी तुझ्या बापाची छाती.

तू का गप्प झालीस? सेटिंगचंच कारण असेल तर हो म्हणायचंस.

अप्पा

१२ मार्च

भिंगरी,

डब्याचं विसर. डबा ठीक होता. झाकणही बसत होतं. मी तुला खोटं लिहायला सांगत होतो.

चकतीला माझा अंगठा लागला होता.

आता सगळं क्रमानं लिहितो. मध्येच कागद फाडलास तरी चालेल, पण आधी वाच.

मी या कामाला लागलो तेव्हा पत्रा, लोखंड, पितळ, सगळं हातानं खरवडून सपाट करायचे. माझे उस्ताद म्हणायचे, डोळ्याला चकवता येतं, अंगठ्याला नाही. पहिला नग झाला की अंगठा फिरवायचा. खडबड कळते, चढउतार कळतो. तू पाच वर्षांची असताना मी तुला टेबलावर बसवून तुझा अंगठा धरून शिकवलं होतं, आणि तू सगळ्या कारखान्यात वस्तूंना हात लावत भिरभिरायचीस, म्हणून भिंगरी. मग तू शिकून आलीस आणि ते लेझरचं यंत्र आणलंस. केसाहून बारीक खड्डे, रांगेत, एका बोटाएवढ्या जागेत हजारो. मला वाटलं, झालं, आता आपल्याला कोण विचारतो.

पण तू मला घेऊन बसलीस. म्हणालीस, अप्पा, हे खड्डे दोन कामं करतात. पंपाच्या कड्यांवर पाडले की खड्ड्यात तेल साठतं आणि कडी घासत नाही, सरकते. तेच पावलाच्या चकतीवर पाडले की खड्ड्यात ग्लू उतरतो आणि घट्ट धरून बसतो. मला गंमत वाटली होती. एकाच यंत्रानं इकडे सुटतं करायचं आणि तिकडे धरतं करायचं.

कड्यांचं टेबल माझं. तेलातलं काम. चकत्यांचं टेबल तुझं, आणि त्यावर तू मोठ्या अक्षरात लावलेलं, 'लेझरनंतर हातमोज्याशिवाय स्पर्श नाही.' मी ते रोज वाचत होतो. वाचून मला वाटायचं, हे नवशिक्यांसाठी आहे. हातमोज्यातून मला काय कळणार? आणि माझा हात काय घाण आहे का? राग यायचा, खरं सांगतो. माझ्या पोरीनं माझ्या हातावर बंदी घातली, असं वाटायचं.

तू जेवायला गेलीस की मी तिकडे जायचो. नवा ट्रे निघाला की त्यातली पहिली चकती उचलायची, अंगठा फिरवायचा, ठेवायची. बरोबर आहे, असं मनाशी म्हणायचं. तेवढ्यानंच मला वाटायचं की तुझ्या कामात माझाही हात आहे.

कड्यांचं तेल अंगठ्याला असायचंच. पुसून जात नाही ते. खड्ड्यात तेल बसलं की ग्लू कसा बसणार? हे तूच मला शिकवलं होतंस आणि मीच विसरलो. नाही, विसरलो नाही. मला ते लागू होत नाही असं समजलो.

बाईंची सुटलेली चकती कारखान्यात आली त्या दिवशी मी ती ट्रेमध्ये पाहिली. सगळीकडे ग्लू फाटून चिकटलेला, आणि मधोमध एक लांबट गोल, तिथे ग्लू नाही, धातू लखलखीत. मला त्याच क्षणी कळलं. केबिनमध्ये मला विचारलं त्याच्या आधी दोन दिवस. म्हणजे मी गडबडलो वगैरे काही नाही. मला माहीत होतं आणि मी तोंड मिटून बसलो. तू समोर उभी होतीस.

का, ते विचारशील. नोकरी जाईल म्हणून नाही. सगळ्यांदेखत मालक म्हणतील, म्हाताऱ्याला साधी पाटी वाचता आली नाही. एवढंच. एवढ्यासाठी मी तुझी सही पणाला लावली.

आणि आता याहून वाईट आहे ते लिहितो. बाईंचं ते भार टाकवत नाही म्हणणं पाच दिवस डोक्यातून जात नव्हतं. आज सकाळी दाढी करताना सुचलं की त्या बऱ्या, त्यांना भीती तरी आहे. बाकीचे बिनधास्त चालतायत. काम सुरू झाल्यापासून अकरा ट्रे झाले. अकराही ट्रेमधली पहिली चकती माझ्या हाताखालून गेलीय. बाईंची एक. दहा बाहेर आहेत.

तू प्रत्येक ट्रेमधला एक नग ताणून तपासत होतीस, पण तो शेवटचा असायचा. तुझी तपासणी बरोबर होती. मी हात लावलेला नग तिच्यात येतच नव्हता.

हे पत्र आधी पेटीत टाकतो आणि तसाच समितीच्या कार्यालयात जातो. आधी टाकतो म्हणजे मागे फिरायला जागा राहत नाही.

अप्पा

१३ मार्च

भिंगरी,

काल सांगून आलो. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं म्हणून लगेच लिहितोय.

समितीच्या अध्यक्षबाई माझ्याच वयाच्या. बोलावलेलं नसताना आलो म्हणून दारावरचा माणूस सोडत नव्हता. मी म्हटलं, दहा माणसं पडतील, मग सोडशील का? त्यांनी आतून ऐकलं.

सगळं सांगितलं. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. मग एक कोरी चकती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, तुम्ही कसे तपासायचात ते दाखवा. मला वाटलं, दाखवतो. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत अंगठा फिरलेला होता. त्यांनी ती चकती चिमट्यानं उचलून पाकिटात घातली. मला माझ्याच हाताची शिसारी आली.

मग त्यांनी तू तपासनीस म्हणून दिलेल्या अहवालातले फोटो मांडले, सुटलेल्या चकतीचे, सूक्ष्मदर्शकाखाली काढलेले. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. सगळे कडेचे. त्यांनी पुन्हा मोजले. म्हणाल्या, चौथा कुठे आहे?

मला काय माहीत? त्यांनी कारखान्यात फोन लावला. यंत्रात प्रत्येक फोटोची प्रत राहते म्हणे, तुला हे माहीत असणार. तासाभरात मालक स्वतः ती घेऊन आले. चकतीचा मधला भाग. त्या लांबट गोलात रेषा होत्या, आणि रेषांमधून तिरकी गेलेली एक चीर. मी अंगठा टेबलाखाली नेला.

मग अध्यक्षबाईंनी मला विचारलं, 'तुमच्या मुलीनं हा फोटो पाहिला होता?'

भिंगरी, मला तेव्हा कळलं. चार महिने मी समजत होतो की तू सेटिंगचा आळ स्वतःवर घेतलास कारण तुला तो खरा वाटला. तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बाप म्हणून मला तिथे काहीतरी बोलता आलं असतं. फोटो बिघडला असेल, राहून गेला असेल. जिभेवर आलंही होतं. पण मी म्हटलं, 'पाहिला असणार. पाहिल्याशिवाय काढून टाकेल कशी?'

तू मला वाचवत होतीस आणि मी तुला धरून दिलं. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती जेवण वाढून आत गेली.

अप्पा

१७ मार्च

अप्पा,

तुमची बारा आणि तेरा तारखेची पत्रं एकाच दिवशी मिळाली.

चौथा फोटो मी घेतला तेव्हा रिकाम्या प्रयोगशाळेत मोठ्यानं 'अप्पा' असं म्हणाले. ती तिरकी चीर मी लहानपणापासून बघतेय. तुम्ही जेवण भरवायचात तेव्हा ती ओठाला लागायची.

मला वाटलं एकच चकती. चुकून, एकदाच. एका स्पर्शासाठी तुम्हाला सगळ्यांपुढे उभं करायचं आणि मालकांनी तुम्हाला हातमोज्यांवरून बोलायचं, हे मला बघवलं नसतं. मी तरुण आहे, मला दुसरं काम मिळेल, असा हिशेब मांडला. मी फक्त एका गोष्टीसाठी थांबले होते. केबिनमध्ये तुम्ही म्हणाल, 'पोरीचं नाही, माझं आहे.' मग मीच तुम्हाला गप्प केलं असतं. तेवढं म्हणाला असतात तर मी आयुष्यभर सही न करता सुखानं राहिले असते. तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला माहीत आहे.

पण अकराही ट्रे, अप्पा? मला कळलं असतं तर त्याच दिवशी मी सगळी पावलं परत मागवली असती. आणि तो फोटो मी दिला असता तर पहिला प्रश्न हाच आला असता की अजून कुठे लागलाय हात. मी तपासनीस आहे. हा प्रश्न मलाच पडायला हवा होता. मी तो पडू दिला नाही, कारण पुढे तुम्ही होतात.

मला तुमचा राग येतो आणि लगेच माझा येतो, आणि कुठला कुणाचा ते कळत नाही. फोन करू नका. पत्र लिहा.

नळाची जाळी धुतली. पाणी येतं.

२४ मार्च

भिंगरी,

तुझं पत्र आईनं आधी वाचलं. मग मला दिलं आणि मी वाचेपर्यंत समोरून हलली नाही.

निकालाची प्रत तुला मिळाली असेलच, तरी माझ्या शब्दांत लिहितो. खड्ड्यांची खोली त्यांनी सगळ्या ट्रेवर मोजली. तुझं सेटिंग बरोबर होतं. उलट पहिल्यापेक्षा चांगलं, असं लिहिलंय. परवाना रद्द होत नाही. पण फोटो लपवला म्हणून एक वर्ष स्थगित. मालक म्हणाले, अपील करा, वडिलांसाठी केलं म्हटल्यावर समिती मऊ होईल. मी त्यांना म्हटलं, ते तिचं तिला ठरवू द्या. पण मला विचारशील तर करू नकोस. जी शिक्षा होणार होती ती माझ्या चुकीची होती. ही तुझी आहे. सोस.

कठोर वाटेल. मी स्वतःला काही कमी धरलेलं नाही. मला समितीनं चिकटकामाच्या जागी यायला मनाई केली, आणि पंपाच्या कड्यांचं टेबल मालक ठेवायला तयार होते, पण मीच सोडलं. चावी देऊन आलो. मालकांनी निरोपाचं काहीतरी करू म्हटलं, मी नको म्हटलं.

दहा चकत्यांचा हिशेब लागला. दोन अजून गोदामात होत्या. आठ माणसांच्या पायात. सगळ्यांना फोन गेले, चालणं थांबवा म्हणून, आणि पावलं परत आली. यंत्रावर चकत्या ओढून बघितल्या. पाच टिकल्या. तीन अर्ध्या जोरालाच सुटल्या. त्यातलं एक पाऊल आठवड्यातून चारदा शिडी चढणाऱ्या रंगाऱ्याचं आहे. हे ऐकल्यावर मी कार्यालयाच्या पायरीवर बसून राहिलो.

शाळेतल्या बाईंकडेही गेलो. उभ्यानंच सांगितलं सगळं, आणि स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. त्यांनी विचारलं, तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं? मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, 'आज तुम्ही जा.' मी निघालो. दार कुरकुरलं नाही, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. त्या मला माफ करतील असं मी धरत नाही. पण फाटकातून वळून पाहिलं तेव्हा त्या कोपऱ्यातलं पाऊल उचलून हातात घेऊन बघत होत्या. घातलं की नाही ते पाहायला मी थांबलो नाही.

आता एक काम आहे. आठही जणांना कारण लेखी कळवायचं आणि खाली ज्यांची चूक त्यांनी सह्या करायच्या, असं समितीनं सांगितलंय. मसुदा मी केलाय, सोबत जोडतो. भाषा नीट कर, माझ्याच्यानं ती जमत नाही. तुझा भाग मी लिहिलेला नाही, तो तूच लिही. खाली दोन नावांपुरती जागा सोडलीय, पैकी एकीवर मी सही केली. वर्षभर तुला कशावरही सही करता येणार नाही, म्हणून यावर तरी चालेल का हे मी अध्यक्षबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, यावर चालेल.

टपालानं परत पाठवलंस तरी अडणार नाही. पण हे पत्र नुसतं पाकिटातून पाठवायचं मला पटत नाही. आठही जणांच्या घरी जाऊन द्यायचं म्हणतो, सोमवारपासून. त्या रंगाऱ्याच्या घरून सुरुवात करायची आहे. आणि भिंगरी, मला एकट्याला जायची भीती वाटते.

अप्पा